देखणी क्रांती

गेल्या दिवाळीत बहीण आपल्या मुलाला घेऊन माहेरी आली. मांडव्याच्या धक्क्यावर मी त्यांना उतरवून घ्यायला गेलो, तेव्हा बोटीतून प्रथम उतरला तो भाच्याचा सदरा. काळ्या सदऱ्याच्या छातीवर चे गेव्हारा होता. तीच तारा लावलेली टोपी, तेच वाऱ्यावर उडणारे केस आणि तीच दूर कुठे तरी लागलेली नजर. असले सदरे आता अलिबागेच्या किनाऱ्यावरच्या दुकानांतही शहाळ्यांच्या शेजारी टांगलेले दिसतात, तेव्हा त्यात नवल नव्हते. नवल वाटले ते दुसऱ्या दिवशी. फराळाला बसलो असता त्याने विचारले, "मामा, आपल्याकडे कोकणात असा कुणी झालाच नाही का हो?"

हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा आमच्या ओटीवरून खारीची भातशेते दिसत होती आणि चरी हे गाव तेथून सायकलने जाण्याच्या अंतरावर होते. मी पुढ्यातली चकली मोडली आणि गप्प बसलो. त्याला उत्तर देण्याचा अधिकार मला कितपत आहे याची मला शंका होती. तिचे कारण पुढे येईल.

या छायाचित्राची हकीकत मोठी बोधक आहे. ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे, जहाजावरील स्फोटात मेलेल्या लोकांच्या शोकसभेत आल्बेर्तो कोर्दा याने ते टिपले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्तमानपत्राने ते छापलेसुद्धा नाही. ते जगभर गेले ते ९ ऑक्टोबर १९६७ रोजी बोलिव्हियात चे मारला गेल्यानंतर. म्हणजे हा माणूस हयात होता तोवर त्या चित्राचे कुणाला अगत्य नव्हते. पुढे ते वोडकाच्या जाहिरातीत वापरले गेले, तेव्हा कोर्दाला कोर्टात जावे लागले. माझ्या पिढीला मात्र चे भेटला तो सदऱ्यावर नव्हे, तर अरुण साधूंच्या 'फिडेल, चे आणि क्रांती' या पुस्तकात. आम्ही भारून गेलो होतो हे मी नाकारीत नाही. पण पुस्तकात निदान माणूस चालतो, दमतो, त्याला दम्याची उबळ येते, तो चुकतो. सदऱ्यावर तो नुसता पाहत राहतो. १९५९ साली ला कबान्याच्या किल्ल्यात ज्यांना त्याच्या देखरेखीखाली गोळ्या घालण्यात आल्या, त्यांना त्या चित्राच्या चौकटीत जागा नाही.

लोकप्रिय कलेला क्रांतिकारक आवडतो, पण तो एका अटीवर, असे माझे मत होत चालले आहे. ती अट म्हणजे त्याने वेळेवर मरावे.

आपल्या मराठी रंगभूमीचेच उदाहरण घेऊ. अनिल बर्वे यांचे 'थँक यू मिस्टर ग्लाड' पुष्कळांनी पाहिले असेल, त्याहून अधिकांनी कादंबरीच्या रूपात वाचले असेल. फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी डॉक्टर वीरभूषण पटनाईक आणि करडा जेलर ग्लाड यांची ती झुंज आहे. बर्वे यांची लेखणी जबरदस्त. त्या दोघांची गाठ पडली की वाचकाला पुस्तक खाली ठेवता येत नाही. मी ते आजवर तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा डोळे ओले झाले. परंतु तिसऱ्या वेळी डोळे पुसताना मनात आले, की हे सगळे तुरुंगाच्या आवारात घडते आहे. ज्या गावासाठी पटनाईकने शस्त्र उचलले ते गाव कुठे आहे? ज्यांचा जीव त्याने घेतला त्यांची घरे कुठे आहेत? आपण त्याला ऐकतो ते केवळ त्याच्याच तोंडून. आणि मरणाच्या दारात उभा असलेला, बुद्धिमान, हजरजबाबी डॉक्टर बोलू लागला, की त्याच्याशी वाद घालण्याचे कुणाला सुचत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. आणीबाणीत, १ डिसेंबर १९७५ रोजी, आंध्रमध्ये ज्या दोघा नक्षलवाद्यांना फाशी झाली त्यांची नावे भूमय्या आणि किष्टा गौड. ते डॉक्टर नव्हते. अदिलाबादेकडचे गरीब शेतकरी होते. त्यांच्यावर असे नाटक होणे कठीण. आपल्या नाट्यगृहात तिकीट काढून बसणारा प्रेक्षक डॉक्टर, कारकून, प्राध्यापक; त्याला फासावर चढताना आपल्यासारखाच कुणी तरी पाहायचा असतो. यात बर्वे यांचा अपराध आहे असे मी म्हणणार नाही. नाटककार प्रेक्षकाला ओळखतो, एवढेच. पण क्रांती शेतकऱ्याची आणि हौतात्म्य मात्र डॉक्टरचे, ही वाटणी मला खोताच्या वाटणीसारखी वाटते.

हिंदी चित्रपटांनीही हेच केले. अब्बास यांनी १९८० साली 'द नक्सलाइट्स' काढला, तेव्हा जंगलात बंदुका घेऊन मिथुन चक्रवर्ती आणि स्मिता पाटील! गोविंद निहलानींचा 'हजार चौरासी की माँ' (१९९८) मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, कारण तेथे क्रांतिकारक आधीच प्रेत झालेला आहे. त्याला नंबर मिळालेला आहे. आणि महाश्वेता देवींच्या कथेतली आई घरोघर जाऊन आपला मुलगा कोण होता ते विचारीत फिरते. निदान तेथे मागे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले जाते. मात्र मागे राहिलेल्या सर्वांच्याच डोळ्यांनी नव्हे. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक ठार झाले. खबऱ्या ठरवून मारलेले आदिवासी तर किती तरी. त्यांच्या आया पडद्यावर क्वचित येतात.

मग क्रांतिकारकाचे खरे चित्रण मराठीत झालेच नाही काय? झाले आहे, आणि ते एका बाईने केले आहे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघाले, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. पण आज ते घरात असलेली माणसे थोडी. गोदावरीबाई कम्युनिस्ट, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत गेल्या. या पुस्तकात बंदुका आहेत, पण त्या पोलिसांच्या आणि जमीनदारांच्या. वारल्यांच्या बाजूला काय आहे? हिशेब आहे. पाचशे पौंड गवत कापले तर मजुरी अडीच रुपये, ही मागणी. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे गडी होऊन कसे जन्म काढीत, ते बाई असे समजावून देतात की जणू आपण त्या झोपडीत चुलीपाशी बसलो आहोत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच आदिवासी मेले. पण पुस्तक त्या पाच मृत्यूंवर उभे नाही. ते उभे आहे वेठीला 'नाही' म्हणायला जो माणूस शिकला त्याच्यावर. त्या 'नाही'ला किती बैठका लागल्या, किती डोंगर चढावे लागले, ते वाचताना कधी कधी कंटाळाही येतो. मला तो कंटाळा मोलाचा वाटतो. पक्षाविषयी लिहिताना बाईंची लेखणी हळवी होते आणि तेथे मी सावध होतो, हेही सांगून टाकतो.

आता माझ्या अधिकाराविषयी.

चरीचा संप आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली असता, चरी येथे सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली २५ गावांतल्या कुळांनी ठरवले की खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. सहा वर्षे, १९३९ पर्यंत, त्यांनी त्या कसल्या नाहीत. सरकारने सभांना बंदी घातली. डॉ. आंबेडकरांनी पाठीशी उभे राहून १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. १९३९ च्या कायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला, आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा. हा संप कम्युनिस्टांचा नव्हता. मार्क्सवाद आमच्याकडे आला तो पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याबरोबर, १९५० च्या दाभाडी प्रबंधानंतर. आणि त्या बावट्याने चरीला आपली गंगोत्री मानले.

१९८३ साली संपाला ५० वर्षे झाली. मी तेव्हा तरुण शिक्षक. शाळेच्या संमेलनासाठी मी एक नाटिका लिहिली. तिचा नायक शहरातून शिकून आलेला, देखणा, दाढी राखलेला. चे गेव्हारा मी वाचला होता आणि 'ग्लाड'ही. माझा नायक हातात लाल बावटा घेऊन बांधावर चढतो, खोताचा माणूस गोळी झाडतो, तो कोसळतो, बावटा दुसरा उचलतो, पडदा. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत माझी आजी बसली होती. संप सुरू झाला तेव्हा ती १८ वर्षांची, कडेवर एक मूल.

घरी येताना ती म्हणाली, "कोनाला गोली लागली रं? आमी शेता नाय लावली, येवराच केला."

मी म्हणालो, "आजी, नाटकात दाखवावं लागतं."

ती काही बोलली नाही. जंगलातून मोळ्या आणून विकल्या, कंद उकडून खाल्ले, खाडीत हात घालून मिळेल ते आणले, हे सारे तिने आधी अनेकदा सांगितले होते. मी ते नाटिकेत घातले नव्हते. मोळी घेऊन चालणाऱ्या बाईवर पडदा कसा पाडायचा ते मला कळले नसते. तिच्या कडेवरचे ते मूल, माझी थोरली आत्या, संपाच्या तिसऱ्या पावसाळ्यात तापाने गेली. तिचे नाव कुठल्या भाषणात येत नाही, आणि आजीनेही ते संपाच्या खात्यावर कधी मांडले नाही.

संमेलनाला महिना उलटला नाही तोच, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई आणि नवघर येथे जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण ठार झाले. त्यांत शहरातून आलेला दाढीवाला कुणी नव्हता. बातमी ऐकली त्या रात्री मी नाटिकेची वही फाडून चुलीत घातली. आजी तिथेच भाकरी थापत होती. तिने जाळ नीट लागावा म्हणून फुंकर मारली.

हे सगळे मी भाच्याला सांगितले नाही. पाडव्याच्या सकाळी दोघे सायकली घेऊन चरीला गेलो. भात पिकून आडवे झाले होते, काही ठिकाणी कापणी चालली होती. तो इकडेतिकडे पाहत म्हणाला, "मामा, इथे पाहण्यासारखं काय आहे?"

"शेतं," मी म्हणालो. "सहा वर्षं ही पडीक होती. तुझ्या पणजीनं लावली नाहीत."

तो बराच वेळ बांधावर उभा राहिला. मग त्याने विचारले, "आणि खायचे काय?"

भाऊबीज आटोपून ते परत गेले. दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला, की त्याचा काळा सदरा दोरीवरच राहिला आहे, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवून दे. मी इस्त्री करून पाठवला. गोदावरीबाईंचे पुस्तक सोबत घालावे असे मनात आले होते, घातले नाही. त्याने मागितले तर देईन.