तिप्पट आयुष्य, पण कोणाच्या तुलनेत?

मेंदूतच उद्भवणारा लिम्फोमा हा लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग. त्यावर केवळ किरणोपचार पुरेत, की जोडीला केमोथेरपीही द्यावी? उत्तरादाखल दोन आकडे नेहमी शेजारी मांडले जातात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४१ रुग्णांना फक्त किरणोपचार दिले होते. ते किती काळ जगले याचा मध्यक सुमारे १२ महिने होता. २००२ सालच्या अभ्यासात आधी मेथोट्रेक्सेटसह औषधे व नंतर किरणोपचार दिले गेले. मध्यक निघाला सुमारे ३७ महिने. म्हणजे तिप्पट!

औषधांचा उपयोग होतो हे आम्हीही मानतो. आमचा आक्षेप तुलनेच्या रीतीला आहे. हे दोन्ही गट वेगवेगळ्या काळातले. शिवाय मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट सोसायला मूत्रपिंडे धड लागतात. त्यामुळे दुसऱ्या गटात मुळातच सुदृढ रुग्ण आले असण्याची शक्यता उरते. निवडक मुलांच्या तुकडीला नवे पुस्तक द्यायचे, दहा वर्षांपूर्वीच्या सरसकट तुकडीशी तिचे गुण ताडायचे आणि सारे श्रेय पुस्तकाला द्यायचे, तसेच हे झाले.

खरी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडणे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या अशा चाचणीचा निकाल २००० साली आला. किरणोपचारानंतर ‘चॉप’ हा औषधसंच देऊन फायदा दिसला नाही. रुग्ण अवघे ५३ होते, हे खरे; पण चॉपमधील औषधे रक्त व मेंदू यांमधला अडसर नीट ओलांडत नाहीत, हेही खरे. मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट तो ओलांडते. तेव्हा ‘केमोथेरपी’ हे जणू एकच औषध आहे असे समजणे ही दुसरी चूक.

तिसरी चूक म्हणजे नुसते महिने मोजणे. २००२ च्या अभ्यासात सुमारे १५ टक्के रुग्णांच्या मज्जासंस्थेला पुढे गंभीर इजा झाली. अशा इजेत स्मरणशक्ती जाते, चालणे अवघड होते. म्हणून पुढे प्रश्नच उलटा झाला: औषधांनंतर किरणोपचार हवेतच का? ५५१ रुग्णांच्या जर्मन चाचणीत (२०१०) किरणोपचारांसह मध्यक सुमारे ३२ महिने, त्यांच्याविना ३७ महिने निघाला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मात्र किरणोपचार वगळले तरी चालते, हेही त्यातून सिद्ध झाले नाही.

वर्गात ‘तिप्पट’ हा शब्द फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी? गट कसे पाडले? मोजले काय आणि मोजायचे राहिले काय?