कासवाची परवानगी

सेबास्तियाओ साल्गादो या ब्राझीलच्या छायाचित्रकाराचं एक लहानसं पुस्तक आहे, ‘फ्रॉम माय लँड टू द प्लॅनेट’. मूळ फ्रेंच, २०१३ सालचं. इझाबेल फ्रांक या पत्रकार बाईंना त्यांनी आपली हकिकत सांगितली आणि बाईंनी ती शब्दांत उतरवली. त्यामुळे वाचताना कुणी समोर बसून बोलतंय असंच वाटतं. साल्गादो २०२५ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये वारले. त्यांची मोठाली, महागडी चित्रपुस्तकं आपल्या घरी येणं कठीण. हे पुस्तक मात्र कुणीही वाचावं असं आहे.

सुरुवात होते ती एका कासवापासून. २००४ साली साल्गादो गालापागोस बेटांवर गेले. तिथली कासवं केवढी, तर दोनशे किलोंच्या घरातली! हे जवळ गेले की कासव आपलं दूर सरकायचं. तेव्हा त्यांच्या मनात आलं, माणसांच्या वस्तीत गेलो की आपण आधी ओळख सांगतो, बोलतो, चार दिवस राहतो. मग कासवाशीच वेगळं का वागायचं? ते हात-गुडघे टेकून कासवाच्या उंचीवर आले आणि त्याच्या चालीनं रांगू लागले. कासव थांबलं आणि त्यांच्याकडे वळलं, तेव्हा हे मागे सरले. ते आणखी एक पाऊल पुढे आलं, हे आणखी मागे. असं करता करता अख्खा दिवस गेला. मग कुठे त्यानं जवळून बघू दिलं.

मला या प्रसंगात रांगण्यापेक्षा मागे सरणं मोठं वाटतं. खाली वाकून पुढे जाणारे पुष्कळ असतात. मांजरसुद्धा उंदरासाठी दबकतंच की! समोरचा जीव आपणहून जवळ येत असताना मागे होणं, म्हणजे ‘ही जागा तुझी आहे’ असं कबूल करणं. मुनिसुव्रतनाथांच्या मूर्तीखाली कासवाचं लांछन बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना कासवाला नमस्कार करणं ठाऊक आहे. त्याची परवानगी घ्यायची असते, हे या परक्या माणसानं सांगितलं.

हत्तींच्या बाबतीत गोष्ट उलटी. झांबियात चोरट्या शिकाऱ्यांनी हत्ती इतके मारलेत, की नुसती गाडी दिसली तरी ते झाडीत पळतात. साल्गादोंचा तिथला हत्तीचा फोटो प्रसिद्ध आहे. जनावराच्या भीतीमागे माणसांच्या करणीचा इतिहास असतो, हे त्या एका फोटोत कळतं.

सैबेरियातल्या नेनेत्स लोकांवरची पानं आपल्या वाचकांना अवघड जातील. २०११ मध्ये साल्गादो त्यांच्याबरोबर बर्फावरून हिंडले. हे लोक रेनडिअरचे कळप पाळतात आणि त्यांचं कच्चं मांस खातात. आपण तिथे चरकतोच. पण तीच माणसं, सोबत वाहून नेता येणार नाही अशी वस्तू भेट म्हणून दिली तरी घेत नाहीत. लागेल तेवढंच जवळ ठेवायचं. आपण अपरिग्रहावर व्याख्यानं ऐकतो आणि घरी येऊन कपाटाला जागा शोधतो! साल्गादो त्या लोकांना संतही करत नाहीत आणि रानटीही म्हणत नाहीत. जसे दिसले तसे सांगतात.

इथपर्यंत पुस्तक पटतं. पण कासवाची ती गोष्ट वाचून झाल्यावर त्यांच्या जुन्या फोटोंकडे बघितलं की एक प्रश्न मनातून जात नाही. १९८६ मध्ये त्यांनी सेरा पेलादा या ब्राझीलच्या सोन्याच्या खाणीचे फोटो काढले. भला मोठा खड्डा, पाठीवर मातीची पोती घेऊन शिड्या चढणारी हजारो माणसं, सगळी चिखलानं एकरंगी. बघणाऱ्यांना ते गुलाम वाटले. साल्गादो पुस्तकात सांगतात, गुलाम कसले, ते आपखुशीनं आलेले. गुलामी असली तर सोन्याच्या आशेची. चांगलं सांगितलं. पण हे सांगायला पुस्तक का लागावं? फोटोतल्या एकाचंही नाव कळलं असतं, तो कुठल्या गावचा, घरी कोण, एवढं खाली छापलं असतं, तर तो गुलाम वाटलाच नसता.

हा आक्षेप माझा एकटीचा नाही. अमेरिकेतल्या लेखिका सुझन सोंटॅग यांनी २००३ सालच्या आपल्या पुस्तकात साल्गादोंच्या स्थलांतरितांच्या फोटोंबद्दल हेच विचारलं होतं. नाव छापायचं ते मोठ्यांचं. गरीब मात्र नुसता गरिबीचा नमुना म्हणून दाखवायचा, असं का? साल्गादोंचे चाहते म्हणतात, पळापळीत, निर्वासितांच्या छावणीत नावं विचारायला वेळ कुठून आणायचा? असेल. पण मग कासवाला दिलेला तो अख्खा दिवस आठवतो. माझं म्हणणं एवढंच, की हे माप साल्गादोंनीच आपल्या हातात दिलंय. त्यानं त्यांची चित्रं मोजली तर त्यात अन्याय नाही.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२१ मध्ये आलेल्या ‘अमेझॉनिया’ या चित्रपुस्तकात जंगलातल्या आदिवासींच्या पुष्कळ फोटोंखाली माणसांची नावं आहेत, गावं आहेत. चित्रं तितकीच सुंदर आहेत. नावानं काही बिघडलं नाही.

आणखी एक नाव आपण बायकांनी वाचताना विसरू नये, ते त्यांच्या पत्नी लेलिया यांचं. पहिला कॅमेरा लेलियांनी घेतला होता, स्वतःच्या वास्तुकलेच्या शिक्षणासाठी. नवरा महिनोन् महिने दूर असताना दोन मुलं त्यांनी बघितली, त्यातल्या धाकट्याला डाउन सिंड्रोम. पुस्तकांची मांडणी, प्रदर्शनं, सगळं त्यांच्याच हातचं. रुवांडातला संहार बघून साल्गादो मनानं नि शरीरानं खचले, तेव्हा त्यांच्या बापजाद्यांच्या उजाड शेतावर पुन्हा जंगल उभं करू या, ही कल्पनाही लेलियांचीच. १९९८ साली त्यासाठी संस्था निघाली आणि आज तिथे लाखो झाडं आहेत. साल्गादो हे मोकळेपणानं कबूल करतात. तरी मुखपृष्ठावर धीराचं श्रेय एकालाच जातं.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला देशोदेशीचे फोटोग्राफर येतात. मुनिमहाराजांचे, आर्यिका माताजींचे, रांगेत उभ्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो निघतात. छापून येतात तेव्हा खाली बहुधा ‘जैन साधू’, ‘भाविक महिला’ एवढंच असतं. आपल्याला ते खटकतं. आणि आता आपल्याच भिशीमंडळाच्या सहली केनियाला, बालीला निघतात. तिथे मसाई बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरणारा हात आपलाच असतो.

फोटो काढू नका असं साल्गादोही म्हणणार नाहीत. आधी नाव विचारा, आपलं सांगा, आणि ती मागे सरली तर तुम्ही दोन पावलं जास्त मागे व्हा. तेवढं करून फोटो नाहीच मिळाला, तरी एका बाईची ओळख झालेली असेल.