रामगिरीचा वाद

मेघदूतांतील यक्षानें शापाचें वर्ष ज्या रामगिरीवर कंठिलें तो गिरि कोणता, हा वाद आतां जुना झाला. तरी मिटला असें म्हणवत नाहीं. मल्लिनाथानें आपल्या टीकेंत चित्रकूट सांगितला. पुढें कांहीं पंडितांनीं सरगुजांतील रामगड सुचविला, आणि वा. वि. मिराशी यांनीं नागपूरच्या ईशान्येस असलेल्या रामटेकाचा पक्ष हिरिरीनें मांडिला. आम्हांस हा शेवटचा पक्ष मान्य आहे. मात्र त्याचे अभिमानी ज्या आधारावर अधिक भिस्त ठेवितात, तोच आम्हांस कच्चा वाटतो.

तो आधार म्हणजे मेघाचा मार्ग. आम्रकूट, रेवा, विदिशा अशी वाट कवि सांगतो. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असें धरिलें, तर तो रामटेकाच्या बराच पूर्वेस पडतो. मग पक्ष सांवरण्यासाठीं आम्रकूटच दुसरीकडे हलवावा लागतो! ज्या कवीनें केवळ उज्जयिनीच्या लोभानें मेघास वांकडी वाट धरावयास लाविली, त्याच्या हातीं मोजणीदाराची सांखळी देणें ही रसिकता नव्हे, आणि संशोधनही नव्हे.

पुरावा आहे तो तांब्यांत आणि दगडांत. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें मिळालेला ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून दिलेला आहे. कालिदासही त्या गिरीच्या उतारावर रघुपतीचीं वंद्य पाउलें उमटलेलीं सांगतो. हीं दोन वचनें शेजारीं ठेविलीं म्हणजे नकाशाची गरज उरत नाहीं. शिवाय रामटेकच्या टेकडीवर केवल-नरसिंह, रुद्र-नरसिंह आणि वराह हीं वाकाटककालीन दैवतें आजही उभीं आहेत. केवल-नरसिंहाच्या देवळांतील झिजलेला शिलालेख त्याच राजकुलाशीं नातें सांगतो. रामगडचीं सीताबेंगा व जोगीमारा लेणीं कालिदासाहून कितीतरी शतकें जुनीं आहेत खरीं. पण जोगीमाऱ्याच्या ब्राह्मी लेखांत सुतनुका नांवाच्या देवदासीची आणि तिच्या प्रियकराची वार्ता आहे, रामाची नाहीं.

आम्ही टेकडी चढलों तेव्हां यात्रेकरूंची रीघ शिखरावरील राममंदिराकडे लागली होती. तेथील देवळांत यादवकाळचें, तेराव्या शतकांतील काम आहे. त्याहून आठशें वर्षांनीं वडील असलेल्या नरसिंहापुढें मात्र आम्हीच तेवढे उभे होतों.