नागराज कोणी पाहिला?
पालि वाङ्मयातील नागकथांच्या वाचनाविषयी काही विचार

१

शिराळा तालुक्यातील एका बुद्धविहारात वर्षावासानिमित्त प्रवचनासाठी जाण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला. प्रवचनाला आरंभ होण्यापूर्वीच तेथील उपासकांनी एक वार्ता सांगितली. विहारामागील बोधिवृक्षाखाली नाग आला होता. बुद्धमूर्तीच्या दिशेने फडा काढून तो बराच वेळ स्थिर राहिला. त्याने कोणालाही इजा केली नाही. सांगणाऱ्यांपैकी एकाने त्यास 'मुचलिंद' असे नावही देऊन टाकले होते. पारावर दुधाची वाटी ठेवलेली होती. हळदकुंकू तेवढे नव्हते. एक वयोवृद्ध उपासक मला म्हणाले, "सर, तुम्ही पालि शिकलेले. मुचलिंद नागराज ग्रंथात आहे का नाही, एवढंच सांगा."

ग्रंथात आहे. परंतु जे ग्रंथात आहे ते पारावरही आले, असे त्यावरून ठरते काय? आणि पारावर आले नाही असे ठरले, तर ग्रंथ खोटा ठरतो काय? हे दोन्ही प्रश्न अर्ध्या तासाच्या प्रवचनात निकालात काढण्यासारखे नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उपासकांना दिलेले विलंबाचे उत्तर होय.

हा प्रसंग शिराळ्याच्या परिसरात घडावा यात आश्चर्य नाही. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वश्रुत आहे. गोरखनाथांनी एका स्त्रीच्या मातीच्या नागास सजीव केले, या आख्यायिकेच्या आधारावर तेथे जिवंत नागांची पूजा होत असे. सणापूर्वी शेतशिवारातून नाग पकडून मडक्यांत ठेवावयाचे, पंचमीस त्यांची मिरवणूक काढावयाची आणि नंतर त्यांना सोडून द्यावयाचे, असा तो क्रम होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे या प्रथेवर बंधने आली. २०२५ साली केंद्र शासनाने शैक्षणिक हेतू दर्शवून मर्यादित संख्येने नाग पकडण्यास अनुमती दिल्यावर हा वाद पुन्हा चर्चेत आला. शेजारच्या सातारा शहरातूनच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. श्रद्धा आणि चिकित्सा या दोन्ही परंपरा या भूमीत अशा शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. आपले विहार या शेजारापासून अलिप्त राहतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

२

पालि वाङ्मयातील नागांविषयी आपल्या लेखकांत व प्रवचनकारांत आज दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार नाग म्हणजे सर्वत्र नागवंशीय माणसे. सर्पाचा येथे काहीही संबंध नाही. दुसऱ्या मतानुसार अशा सर्व कथा मागाहून घुसडलेल्या असून त्या वगळून टाकाव्यात. दोन्ही मतांमागील हेतू शुद्ध आहे, कारण धम्म अद्भुतापासून मुक्त ठेवावा ही दोहोंची तळमळ आहे. परंतु दोन्ही मते मूळ ग्रंथ न वाचण्याची सोय करून देतात. पहिले मत कथेचे रूप बदलून तिला टाळते, दुसरे तिला पुसून टाळते. म्हणून प्रथम ग्रंथ काय सांगतात ते पाहू.

विनयपिटकाच्या महावग्गात आणि उदानात मुचलिंदाची कथा येते. संबोधीनंतर भगवान मुचलिंद वृक्षाखाली बसले असता अवकाळी मेघ येतो आणि सात दिवस पाऊस पडतो. नागराज आपल्या वेटोळ्यांनी त्यांना वेढून मस्तकावर फडा धरतो. आभाळ निवळताच तो वेटोळी सोडतो, तरुणाचे रूप घेतो आणि हात जोडून उभा राहतो. त्यानंतर भगवंतांच्या मुखी जे उद्गार येतात त्यांत नागाचा उल्लेखही नाही. एकान्ताचे सुख, द्वेषरहिततेचे सुख, प्राणिमात्रांविषयीचा संयम आणि अहंकाराचा त्याग, एवढाच त्यांचा विषय आहे. कथेचे गद्य अद्भुत आहे, तिचे सार पूर्णतः नैतिक आहे.

महावग्गातीलच दुसरी कथा अधिक बोलकी आहे. नागयोनीचा कंटाळा आलेला एक नाग मनुष्यरूप घेऊन प्रव्रज्या व उपसंपदा मिळवितो. एके पहाटे तो निर्धास्त झोपी जातो आणि त्याचे मूळ रूप प्रकट होऊन सारी कुटी सर्पदेहाने भरून जाते. सोबतचा भिक्षू किंचाळतो. भगवान त्या नागास समजावितात की या धम्मविनयात वृद्धी पावण्यास तो असमर्थ आहे. त्याने उपोसथ पाळावा, म्हणजे नागयोनीतून सुटून मनुष्यत्व लाभेल. तिर्यग्योनीतील प्राण्यास उपसंपदा देऊ नये, असा नियम यातून निघतो. उपसंपदेच्या वेळी उमेदवारास 'तू मनुष्य आहेस ना?' असे आजही विचारले जाते. थायलंडमध्ये तर प्रव्रज्येच्या उमेदवारास 'नाग' असेच म्हणण्याची रूढी आहे.

तिसरी कथा स्थविर सागताची. अंबतित्थाच्या नागास त्याने जिंकले म्हणून लोकांनी त्याला घरोघरी मद्य पाजले आणि तो नगरद्वारी कोसळला. सुरापान जातकाच्या प्रस्तावनेनुसार भगवान भिक्षूंना विचारतात, नागास जिंकणारा हा सागत आता पाणसापाला तरी जिंकू शकेल काय? मद्यपाननिषेधाचा नियम या प्रसंगातून आला. नागावरील विजय येथे सहज बाजूला पडला आहे आणि स्वतःवरील ताबा हा मुख्य विषय झाला आहे.

चौथी कथा चंपेय्य जातकाची. उपोसथासाठी वारुळावर पडून राहिलेल्या नागराजास एक गारुडी पकडतो, त्याला दुबळा करून पेटीत घालतो आणि गावोगावी नाचवून धन मिळवितो. नाग गारुड्यास दंश करू शकतो, पण शील मोडू नये म्हणून तो सारे सोसतो. कथाकाराची सहानुभूती कोठे आहे, हे सांगावयास नको. मडक्यात कोंडलेल्या नागाचे जणू मनोगतच या जातकात आले आहे. नागपंचमीच्या वादात आपल्याकडून कोणी ते उद्धृत केल्याचे माझ्या वाचनात नाही, याची खंत वाटते.

आता या कथा एकत्र ठेवून पाहा. मुचलिंद हात जोडतो, उपसंपदा मागणारा नाग उपदेश घेतो, चंपेय्य शील पाळतो. या कथांत वंदनेची दिशा नागाकडून बुद्धाकडे आणि शीलाकडे आहे. वारुळावरील चंपेय्याची लोक पूजा करतात असे जातक सांगते खरे. पण त्या पूजेने त्याला गारुड्याच्या पेटीतून सोडविले नाही. पारावर दुधाची वाटी ठेवणारा उपासक ही दिशाच उलटी करतो. ग्रंथाचा आधार घेऊन तो ग्रंथाच्या विरुद्ध जातो.

३

नाग म्हणजे नागवंशीय लोक, या मताचा आधार म्हणून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले जाते. येथे काळजीपूर्वक बोलले पाहिजे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी नाग व द्रविड हे एकच लोक होत, असा सिद्धान्त मांडला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात, धर्मांतरासाठी नागपूर का निवडले याचे कारण म्हणून त्यांनी नाग लोकांच्या बौद्धधर्मप्रसाराचा निर्देश केला. इतिहासातील नाग नावाच्या लोकांविषयीचे ते विधान आहे. पालि वाङ्मयातील 'नाग' या शब्दाच्या प्रत्येक उपयोगाचा तो अर्थ होय, असे त्यातून निघत नाही. पालित हाच शब्द हत्तीसाठी येतो आणि अर्हंतासाठी विशेषण म्हणूनही येतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मात्र बाबासाहेबांनी एक धाडसी फेरबदल केला आहे. महावग्गात उरुवेल कस्सपाच्या अग्निशाळेतील नाग हा विषारी सर्प आहे. भगवान त्याचे तेज आपल्या तेजाने शमवून सकाळी त्याला भिक्षापात्रात घालून दाखवितात. बाबासाहेबांच्या कथनात तोच नाग मुचलिंद नावाचा राजा आहे, अग्निपूजकांचा वैरी आहे आणि आपल्या परिवारासह येऊन भगवंतांना वंदन करतो. भिक्षापात्रातील चमत्कार गळला आणि वैराचे मैत्रीत झालेले रूपांतर तेवढे राहिले. जे विवेकाला व तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन मानावे, ही त्यांनी त्याच ग्रंथात दिलेली कसोटी येथे प्रत्यक्ष वापरलेली दिसते. ही नव्या धम्मग्रंथाच्या रचनाकाराची निवड आहे आणि तो अधिकार त्यांचा होता. परंतु ती निवड महावग्गाचे भाषांतर म्हणून सांगणे हे बाबासाहेबांवरही अन्याय करणारे आहे. त्यांनी काय बदलले हे न कळल्यास, का बदलले हेही कळणार नाही.

शिवाय या मताचा एक परिणाम आपल्या अभ्यासकांनी लक्षात घेतलेला नाही. नाग म्हणजे सर्वत्र आपले पूर्वज असे धरले, तर उपसंपदा नाकारली गेलेला तो नागही आपला पूर्वज ठरेल. मग भगवंतांनी आपल्या पूर्वजांना तिर्यग्योनीतील ठरवून संघाबाहेर ठेवले, असे म्हणावे लागेल! ज्या संघाने न्हावी असलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या दिली, त्या संघावर हा आरोप कोण करील? अभिमानासाठी स्वीकारलेला अर्थ असा आपल्यावरच उलटतो.

प्राचीन उपासकांना हा गोंधळ पडलेला दिसत नाही. भारहुतच्या स्तूपावर एरापत नागराज भगवंतांना वंदन करीत असल्याचा शिलालेखयुक्त देखावा आहे. त्यात नाग प्रथम अनेक फड्यांचा सर्प आहे आणि पुढे मस्तकावर फडा असलेला, गुडघे टेकलेला मनुष्य आहे. त्याच स्तूपाच्या दात्यांत करहकट नगरीचे लोक आहेत. करहकट म्हणजे आजचे सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड, असे विद्वान मानतात. कृष्णाकाठच्या त्या आपल्या पूर्वसुरींनी ज्या स्तूपाला दान दिले, त्याच्या शिल्पकाराला नागाची दोन्ही रूपे ठाऊक होती. नाग ही त्याची कलाभाषा होती. हिंस्र स्वभावही धम्मापुढे नम्र होतो, हे सांगण्यासाठी त्याने ती वापरली.

४

नागकथांचा प्रश्न केवळ वाङ्मयीन असता तर एवढ्या विस्ताराचे कारण नव्हते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० , असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे मृत्यू बहुसंख्येने खेड्यातील आहेत. शेतात राबणारा, अनवाणी चालणारा, जमिनीवर झोपणारा माणूस यात मरतो. तो बहुधा आपला माणूस असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे आणि मंत्रात गेलेला प्रत्येक तास प्राणघातक ठरतो.

येथे आपल्याच घरातील एक अडचण मान्य केली पाहिजे. अंगुत्तर निकायातील अहिराज सुत्तात व विनयाच्या चुल्लवग्गात, सर्पदंशाने मरण पावलेल्या भिक्षूविषयी भगवान म्हणतात की त्याने चार अहिराजकुलांविषयी मैत्री भाविली असती तर तो मेला नसता. खंध परित्त म्हणून हे सुत्त आजही म्हटले जाते. काही जण या चार कुलांचा वरील चार विषारी सर्पांशी मेळ घालून ग्रंथात विज्ञान असल्याचे सांगतात. संख्येच्या योगायोगापलीकडे त्यास आधार नाही. सुत्त जे म्हणते ते म्हणते. त्यास शास्त्रीय मुलामा देऊ नये.

मिलिंदपञ्हात तर हा प्रश्न थेट विचारला गेला आहे. परित्ताने रक्षण होत असेल, तर माणसे मरतात का? नागसेन स्थविर तीन अडथळे सांगतात: कर्माचा, क्लेशांचा आणि अश्रद्धेचा. या महान ग्रंथाविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणावे लागते की हे उत्तर समाधानकारक नाही. गुण आला तर मंत्राचा प्रभाव आणि रोगी दगावला तर त्याची श्रद्धा उणी, हा युक्तिवाद गावोगावचा मांत्रिकही करतो. जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरू शकत नाही, ते घटनेविषयी काहीच सांगत नाही.

विनयातच दुसरी वाटही आहे. भेसज्जक्खंधकात सर्पदंश झालेल्या भिक्षूस शेण, मूत्र, राख व माती ही त्या काळची औषधे देण्याची अनुज्ञा आहे. औषधे कालबाह्य झाली, पण दंशावर औषध द्यावे हे तत्त्व कालबाह्य झालेले नाही. दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात सर्पविद्येवर उपजीविका करणे भिक्षूस निषिद्ध मानले आहे. तेव्हा परित्त मैत्रीभावनेसाठी अवश्य म्हणावे. दंश झाल्यास मात्र रुग्णालय गाठावे. हे सांगणारा प्रवचनकार विनयाशी प्रामाणिकच राहतो.

५

मग डोळ्यांनी पाहिले असे सांगणाऱ्यास काय म्हणावे? २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली, तेव्हाही असंख्य लोकांनी 'पाहिले'च होते. त्यांनी पाहिले ते खरे होते, चमच्यातील दूध कमी होत होते. त्यांनी लावलेला अर्थ मात्र खोटा होता. साक्षीदारास खोटारडा म्हणण्याची गरज नाही. दर्शन आणि दर्शनाचा अर्थ वेगळे करता आले पाहिजेत.

दद्दभ जातकात नेमके हेच आहे. बेलफळ पडल्याचा आवाज ऐकून ससा धरणी फाटली म्हणून पळतो. त्याच्यामागे ससे, हरणे, रेडे, हत्ती, सारे अरण्य पळू लागते. सिंहरूपी बोधिसत्त्व त्यांना थांबवून एकच प्रश्न विचारतो: कोणी पाहिले? हत्ती दुसऱ्याकडे बोट दाखवितो, तो तिसऱ्याकडे, आणि शेवटी सशापाशी मागोवा थांबतो. सिंह सशाची हेटाळणी करीत नाही. त्याला पाठीवर घेऊन त्या बेलाखाली जातो आणि पडलेले फळ पाहून येतो.

त्या विहारात मीही तोच प्रश्न विचारला. फडा पाहिलेला एकही मनुष्य पुढे आला नाही. प्रत्येकाने तो दुसऱ्याकडून ऐकला होता. एका मुलाने मात्र पाराच्या फटीत सापडलेली कात आणून दिली. तालुक्याहून आलेल्या सर्पमित्राने तिच्या खवल्यांवरून ती धामणीची असावी असे सांगितले. यावरून त्या दिवशी नाग आलाच नाही असे सिद्ध होत नाही, हे मी तेथेही सांगितले. चंकी सुत्तात सत्याचे रक्षण म्हणजे काय ते सांगितले आहे: 'अशी माझी श्रद्धा आहे' एवढे म्हणावे, 'हेच सत्य, बाकी व्यर्थ' असे म्हणू नये. हा नियम श्रद्धाळूस लागू आहे तसा चिकित्सकासही आहे.

त्या वृद्ध उपासकांना अखेर एवढेच म्हणालो, "आबा, मुचलिंद ग्रंथात आहे. तो तिथं हात जोडून उभा आहे." ते काही वेळ बोलले नाहीत. मग स्वतः उठून त्यांनी पारावरची वाटी उचलली आणि त्या मुलाला पाराच्या फटी मातीने बुजवून घेण्यास सांगितले, कारण तेथे लहान मुले खेळत असत. नागकथेचे याहून योग्य वाचन मला अद्याप आढळलेले नाही.