मत कर्जदाराचे, पैसा ठेवीदाराचा

पावसाळा सरत आला की डोंबिवलीतल्या घराघरांत सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल येऊन पडतात. मीही एका बँकेचा सभासद आहे. कितीतरी वर्षे मी त्या अहवालात एकच ओळ शोधत असे : लाभांश किती टक्के? ताळेबंद वाचायला मी शिकलो तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर, लोकलच्या प्रवासात, रद्दीवाल्याकडून घेतलेली वाणिज्य शाखेची पुस्तके चाळत. तेव्हा पुढचे विवेचन कायदेपंडिताचे नव्हे. उशिरा जागे झालेल्या सभासदाचे आहे.

आपल्याकडे कंपनी कारभारावर जे लिहिले जाते, ते बहुधा ब्रिटिश चष्म्यातून. तिकडे १९९२मध्ये कॅडबरी समितीचा अहवाल आला. इकडे बिर्ला समितीच्या शिफारशींवरून २०००मध्ये शेअर बाजाराच्या नोंदणी करारात कलम ४९ आले. २०१३च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकाला कायद्यातच जागा दिली. या साऱ्यामागचे गृहीतक एकच : भागधारक नाराज झाला तर शेअर विकतो, भाव पडतो, दुसरा कोणी कंपनी ताब्यात घेऊ शकतो. बाजार हाच पहारेकरी.

सहकारी बँकेला हा पहारेकरी नाही. तिचा भाग बाजारात विकला जात नाही, तो सर्वसाधारणपणे दर्शनी किमतीलाच परत होतो. भाग कितीही असोत, मत एकच. म्हणून अनेक टीकाकार 'एक व्यक्ती, एक मत' हाच रोग ठरवतात आणि बँकेची कंपनी करा म्हणतात. मला हे निदान पटत नाही. मत किती, यापेक्षा मत कोणाला, हा प्रश्न मोठा आहे. नागरी बँकेकडून मोठे कर्ज घ्यायचे तर कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात : तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारण कर्जाला पाच टक्के, असा रूढ नियम. ठेवीदाराला मात्र सभासद व्हावेच लागत नाही. म्हणजे बँक चालते ठेवीदाराच्या पैशावर आणि संचालक निवडण्यात वजन राहते कर्जदाराचे.

ज्या जर्मनीतून आपण सहकाराचे रोप आणले, तिथे काय आहे? फ्रेडरिक निकल्सन यांच्या मद्रासमधील १८९५च्या अहवालानंतर १९०४चा कायदा झाला, तो रायफायझन आणि शुल्झ-डेलिच यांच्या पतसंस्था डोळ्यांसमोर ठेवून. पण रोप आले, माती तिथेच राहिली. जर्मनीच्या १८८९च्या सहकार कायद्याने दोन मंडळे सांगितली, एक कारभार करणारे आणि दुसरे त्यावर देखरेख ठेवणारे. एकच माणूस दोन्हींत बसू शकत नाही. शिवाय प्रत्येक संस्थेने १९३४पासून एखाद्या तपासणी संघाचे सभासद असणे सक्तीचे आहे. आपल्याकडे ते तपासणीचे काम सरकारी निबंधकाकडे गेले. सहकाराची नजर सहकारातून वाढण्याऐवजी कचेरीतून आली.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९मध्ये १०० कोटी किंवा अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले. मालेगाम समितीने २०११मध्येच ही कल्पना मांडली होती. वरवर पाहता हे जर्मन दुमजली घर वाटते; आत गेले की फरक कळतो. तिथे खालचे मंडळ स्वतःच्या जबाबदारीवर कारभार करते आणि वरच्याने त्यात हात घालायचा नसतो. इथे नवे मंडळ संचालकांना साह्य आणि सल्ला देणारे. सर्वसाधारण नियंत्रण संचालकांकडेच. घराला मजला चढला नाही, पोटमाळा झाला.

उलट, जर्मनीकडून घेण्याजोगी गोष्ट दुसऱ्या कायद्यात आहे. १९७६च्या सहनिर्णय कायद्याप्रमाणे दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात. त्यांच्याकडे एकही शेअर नसला तरी चालते. बरोबरीची मते पडली तर अध्यक्षाचे निर्णायक मत असते आणि ते सहसा भांडवलाच्या बाजूचे. तरीही तत्त्व महत्त्वाचे : ज्याचे नशीब संस्थेला बांधलेले आहे, त्याला खुर्ची. मग नागरी बँकेत ठेवीदाराला का नको?

आक्षेप आहे. ठेवीदार आज आहे, उद्या पैसे काढून जाईल. शिवाय पाच लाखांपर्यंत त्याला विमा आहे, मग त्याला कळकळ कशाची? पण २०१९च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त १,००० रुपये. त्या दिवशी 'उद्या काढून जाईन' म्हणणारा ठेवीदार दारातच अडकला. पळून जाण्याची मुभा संकटाच्या नेमक्या क्षणी संपते. म्हणून बोलण्याची मुभा त्याआधी हवी.

डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यात १९७०च्या आगेमागे नोकरदारांनी बँका उभ्या केल्या, त्या मोठ्या बँका दारात उभे करीत नव्हत्या म्हणून. तेव्हा ठेवीदार, कर्जदार आणि सभासद एकाच चाळीत राहत. आज ते एकमेकांना ओळखत नाहीत. कायद्याने तरी त्यांची गाठ घालून द्यावी. तोवर निदान मी यंदा अहवालातली लाभांशाची ओळ सोडून थकीत कर्जांचे पान आधी उघडले आहे आणि सभेसाठी दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत.