उघडे दार आणि एकांत : पंडिता रमाबाईंच्या 'साक्षी'तील प्रार्थना

प्रार्थना हा मुळात साहित्यप्रकार नव्हे. ती ज्याला उद्देशून केलेली असते, तो वाचक नसतो; आणि वाचकासाठी तिची मांडणी होऊ लागली की तिच्या सच्चेपणाविषयी शंका उत्पन्न होते. ख्रिस्ती साक्षीवाङ्मयाची अडचण नेमकी हीच आहे. भक्ताने एकांतात जे अनुभवले ते मंडळीसमोर सांगावे, अशी या वाङ्मयाची अपेक्षा असते. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपल्या अक्षय्य ठेव्याविषयी इंग्रजीत जी 'साक्ष' लिहिली, तिचे वाचन या अडचणीचे भान ठेवून करावयास हवे.

'साक्षी'चा आराखडा रूढ आहे. आधी अंधार, मग शोध, शेवटी प्रकाश. परंतु रमाबाईंच्या आठवणी या आराखड्यात पूर्णपणे बसत नाहीत. म्हैसूर संस्थानाच्या सीमेवर, सह्याद्रीतील गंगामूळ येथे १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले आणि दुष्काळात उपासमारीने खचले. व्रते, दाने, स्नाने यांचा उपयोग झाला नाही, हे सांगताना लेखिकेचा स्वर कठोर होतो. मात्र १८७४ मध्ये मरणोन्मुख पित्याने आपल्याला ईश्वराच्या हाती सोपविले, हा प्रसंग त्या विलक्षण मायेने सांगतात. ज्याचा धर्म त्यांनी सोडला, त्या पित्याचे अखेरचे बोलणे म्हणजे त्यांच्या लेखी प्रार्थनेचा पहिला धडाच ठरतो. आराखड्याच्या सोयीसाठी तो गाळता आला असता. तो गाळलेला नाही, आणि याच ठिकाणी वाचकाचा विश्वास बसू लागतो.

दुसरा प्रसंग १८७८ मधील कलकत्त्याचा. बंधू श्रीनिवासशास्त्र्यांसह त्या एका ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या. जमलेले लोक आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बोलू लागले. समोर मूर्ती नाही. तेव्हा ही खुर्च्यांचीच पूजा असावी, असा या भावंडांचा समज झाला. प्रसंग विनोदी आहे, पण त्याचा अर्थ विनोदापुरता नाही. उपासनेचे बाह्य रूप परक्याला काहीही सांगू शकत नाही. मूर्तिपूजकाच्या अंतरंगाविषयी मिशनऱ्यांनी केलेल्या तर्कांनाही हाच न्याय लागू पडतो. रमाबाई तो मुद्दा स्पष्ट मांडीत नाहीत. प्रसंग मात्र तो बोलून जातो.

१८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा झाल्यावरही हा शोध थांबला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. त्यात क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरून झालेला वाद आहे. संस्कृतपेक्षा लॅटिन अधिक पवित्र का मानावी, हा रमाबाईंचा प्रश्न होता. त्यामागे पांडित्याचा अभिमान होताच. पण जे शब्द आपल्या मनाचे नाहीत ते आज्ञेने उच्चारावयाचे नाहीत, हा निर्धारही होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या 'साक्षी'त देतात आणि तो उलगडा १८९१ च्या सुमारास झाल्याचे नोंदवितात. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे! संप्रदायात प्रवेश आणि अंतःकरणाची प्रार्थना यांत त्यांनी मोकळे ठेवलेले हे अंतर या लेखनाचे मोठे नैतिक बळ आहे.

या अंतराची जाहीर कसोटी पुण्यात लागली. शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मोपदेश होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत कन्या मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तर येशू खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करावयास सांगतो. मग हे उघडे दार म्हणजे वचनभंग की छुपा प्रचार?

टीकाकारांचा आक्षेप पोकळ नव्हता. आश्रयाला आलेल्या विधवा मुलींवर आश्रय देणारीच्या आचरणाचा प्रभाव पडतो, आणि तो प्रभाव पूर्णपणे निरपेक्ष असू शकत नाही. तथापि वचनातील बंद दार दिखाऊपणाविरुद्ध आहे. रमाबाईंचे उघडे दार लपवाछपवीविरुद्ध होते. मराठी घरात देवघराला कडी लावून पूजा होत नाही. आई पूजेला बसली की मुले भोवती रेंगाळतात. रमाबाईंनी ख्रिस्ती प्रार्थना या घरगुती रीतीत आणून बसविली. एकांत राहण्यासाठी माणसांपासून तुटावे लागते, हे त्यांना मान्य नव्हते. दळताना देवाशी बोलणाऱ्या जनाबाईच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे अपरिचित वाटू नये.

केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये जे जागरण झाले, त्यात मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत. पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या चौकटीत भारतीय मनाची उपासना कोंडू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती. येथे मात्र चिकित्सकाने सावध राहावे. सामुदायिक आवेगात एकेकीचा स्वर ऐकू येत नाही, आणि त्या मुलींपैकी फार थोड्यांचे स्वतःचे शब्द वाचकापर्यंत पोहोचतात.

ही उणीव रमाबाईंनी दुसऱ्या वाटेने भरून काढण्याचा यत्न केला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाल्यावर, १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. मूळ अर्थाला चिकटून राहण्याच्या आणि हिंदू उपासनेचे संस्कार असलेले शब्द टाळण्याच्या आग्रहामुळे त्याची वाक्ये अनेकदा अडखळतात. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'क्रिस्तपुराणा'तील ओवीचा प्रवाह किंवा ना. वा. टिळकांच्या 'अभंगांजली'तील जिव्हाळा त्यात नाही. टिळकांनी वारकरी वाणीला ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले. रमाबाईंनी मात्र त्या वाणीकडे जवळजवळ पाठ फिरविली. वाङ्मयीन दृष्टीने हे नुकसानच होय. परंतु एके काळी लॅटिनसमोर संस्कृतचा कैवार घेणारी पंडिता अखेरीस संस्कृतही बाजूला ठेवते आणि अल्पशिक्षित स्त्रीला स्वतः वाचता येईल अशा साध्या मराठीसाठी वर्षानुवर्षे खपते, या घटनेचे मोल निराळ्या मापाने करावे लागेल.

'साक्षी'तून सच्च्या प्रार्थनेची व्याख्या हाती लागत नाही. मनाला न पटलेले शब्द उच्चारण्याचे नाकारणारी, स्वतःचा अपुरेपणा तारीखवार नोंदविणारी आणि दार उघडे ठेवल्याची किंमत मोजणारी एक व्यक्ती मात्र दिसते. तिच्या मतांशी सहमत नसलेल्या अभ्यासकालाही 'साक्ष' आणि पत्रे एकत्र ठेवून वाचावी लागतील. एकीतील निश्चितीला दुसरीतील झगडा तोलून धरतो.