लग्नाचे पैसे कोणी दिले? – ‘जैत रे जैत’ शहापूर-मुरबाडमध्ये वाचताना

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा ठाकर समाजाविषयी मला जे काही ठाऊक होतं ते एका कादंबरीतून आलेलं होतं. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’. कॉलेजात असताना ती वाचली होती आणि १९७७ चा डॉ. जब्बार पटेलांचा चित्रपटही पाहिला होता. आसनगाव स्टेशनात पहिल्यांदा उतरलो आणि माहुलीचे सुळके दिसले, तेव्हा मनात आलं : हाच लिंगोबाचा डोंगर! वास्तविक कादंबरीतले ठाकर कर्नाळ्याकडचे, म्हणजे रायगड जिल्ह्यातले. पण पुस्तकातून एखाद्या समाजाची ओळख झाली, की माणूस पुढे दिसेल त्या डोंगरावर तेच पुस्तक लादत जातो. या लेखात मला त्याच सवयीची तपासणी करायची आहे.

कादंबरीचा गाभा वाचकांना माहीत आहेच. भगताचा मुलगा नाग्या ढोल वाजवतो. पुण्यवंताला राणीमाशी दिसते असं त्याच्या मनात भरलेलं असतं. ती पाहायला गेलेल्या नाग्याचा एक डोळा माश्यांच्या दंशाने जातो आणि तो राणीमाशीशी वैर धरतो. नवरा सोडून आलेली चिंधी त्याला आपल्या मनाने निवडते आणि त्याच्या वैरात भागीदार होते. मी वर्षानुवर्षे ही कथा ‘ठाकरांची लोककथा’ म्हणून शिकवली. पुढे शहापूर आणि मुरबाडच्या तीन पाड्यांवर मी वृद्धांना राणीमाशीबद्दल विचारलं. ते बोलले ते आग्या मोहोळाबद्दल : काळोखी रात्र, धूर, दोर आणि कड्यावर कोणाला उतरवायचं याबद्दल. पुण्याचा विषय कोणी काढला नाही. तीन पाडे म्हणजे समाज नव्हे. तरीही पाप-पुण्याचा तो प्रश्न लोकसमजुतीचा किती आणि लेखकाचा किती, हे विचारल्याशिवाय कादंबरीला लोकसाहित्याचा पुरावा मानता येत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

चिंधीच्या बाबतीत माझी चूक याहून मोठी होती. मी तिला बंडखोर म्हणून शिकवत होतो. पण ठाकरांमध्ये वधूसाठी देज देण्याची रीत होती, आणि नवरा सोडलेल्या बाईला पुन्हा घर मांडण्याची वाटही होती. ल. ना. चापेकरांनी या समाजाचा सविस्तर अभ्यास करून १९६० साली सह्याद्रीतल्या ठाकुरांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. क ठाकूर आणि म ठाकूर हा भेद, लग्नाच्या रीती, देवदैवतं हे सगळं त्यात येतं. तो चाळल्यावर ध्यानात आलं, की चिंधीचं पाऊल मला जितकं धाडसी वाटलं होतं, तितकं ते तिच्या समाजाच्या रीतीबाहेरचं नव्हतं. मला भावलेलं तिचं बंड बऱ्याच अंशी माझ्या मध्यमवर्गीय घरातलं होतं.

खरा धक्का मात्र ग्रंथातून नाही, वर्गात बसला. नववीच्या वर्गात मी चिंधी-नाग्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. ठाकूरपाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, “सर, लग्नाचे पैसे कोणी दिले?” मी म्हटलं, कथेत ते महत्त्वाचं नाही. ती म्हणाली, “आमचे आजोबा लग्नाच्या पैशापायी तीन वर्षं दुसऱ्याच्या घरी गडी होते.”

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात या गोष्टीला स्वतंत्र शब्द आहे : लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. हिशेब त्याच्या वहीत, त्यामुळे कर्ज फिटायचं नाव नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात आदिवासींच्या या वेठीची नोंद आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे आमच्या अगदी शेजारी, किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर उंबरगाव-डहाणूकडे वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात तो वाचायला मिळतो. वेठबिगारीवर बंदी घालणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. म्हणजे मोठ्या पडद्यावर चिंधीचं लग्न मराठी प्रेक्षकांनी पाहिलं, तेव्हा त्या कायद्याला जेमतेम एक वर्ष झालं होतं.

दांडेकरांनी हे लिहायला हवं होतं, अशी माझी तक्रार नाही. त्यांच्या कथेचा झगडा माणूस आणि डोंगर यांच्यातला आहे. सावकार किंवा जंगलखात्याचा गार्ड तिच्या केंद्रस्थानी नाही. ठाकराला त्यांनी दयेचा विषय केलं नाही, त्याला मान दिला, नायक केलं. ती कादंबरी नसती तर मी कुठल्या पाड्यावर गेलोही नसतो. तक्रार आहे ती माझ्या वाचनाबद्दल. कादंबरीने दार उघडलं आणि मी उंबऱ्यालाच घर समजलो. गॅदरिंगला ठाकरांच्या मुलांना कांबडनाच बसवायला लावून मी त्यांच्या संस्कृतीची कदर करतो आहे असं मानत होतो. त्यांच्या घरात काय घडलं, हे विचारलं नव्हतं.

असा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. आयर्लंडचा नाटककार सिंग १८९८ पासून अनेक उन्हाळे ॲरन बेटांवर राहिला. समुद्रात बुडालेल्या मुलाची ओळख कपड्यांवरून पटवणाऱ्या बायका त्याच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटिकेत आहेत, आणि आयरिश कोळ्यांचं जगणं जगभरच्या वाचकांना तिथून कळलं. पण १९०७ मध्ये त्याचं दुसरं नाटक डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये आलं, तेव्हा ‘हे आमचं चित्र नव्हे’ म्हणत प्रेक्षकांनी दंगा केला. पुढे त्या देशाने एक शहाणपणाचं काम केलं. १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग नेमला आणि १९३७-३८ मध्ये सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून घरच्या वृद्धांच्या आठवणी, गोष्टी, औषधं, दुष्काळाच्या हकिकती वह्यांत उतरवून घेतल्या. त्यामुळे आज सिंगची नाटिका वाचणाऱ्याला तिच्याशेजारी ठेवून पाहायला लोकांचा स्वतःचा शब्द मिळतो.

आम्ही शाळेत त्याचं लहानसं अनुकरण केलं. ‘जैत रे जैत’ वाचायची आणि शंभर पानी वहीत घरचं लिहून आणायचं. आजोबा डोंगरावर वाल्मीकींनी लव-कुशांना वाढवलं आणि मुलं त्यांना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराचं हे नाव, ही गोष्ट डेहण्याकडच्या मुलाने आणली. दिवाळीच्या तोंडावर वसुबारसेला गावकरी वाघोबाला पुजतात त्या वाघबारसेची हकिकत तिघांनी लिहिली. मुरबाडकडच्या एकाने २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं, त्याची पणजीकडून ऐकलेली आठवण आणली. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं मुंबईला पाणी देतात. आपल्या पाड्यावर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो, हे तर जवळजवळ प्रत्येक वहीत होतं. लोककथा आणि इतिहास अशी वेगळी खाती मुलांनी केली नव्हती. वाघोबा आणि टँकर एकाच पानावर होते.

त्या मुलीच्या वहीत गोष्ट नव्हती, हिशेब होता. आजीला विचारून तिने आजोबांच्या लग्नाचा खर्च लिहून आणला होता : तांदूळ, लुगडं, वाजंत्री, देज. खाली बेरीज, नव्वद रुपये. बेरजेखाली एकच ओळ : तीन वर्षं. आता दरवर्षी चिंधीचं प्रकरण शिकवताना आधी मी ते पान वाचून दाखवतो, आणि मग कादंबरी उघडतो.